बायबलमधला हिवाळा कसा वाचावा: नव्या वाचकांसाठी

गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायात प्रियकर प्रियेला हाक मारतो. ऊठ, चल, हिवाळा सरला, पाऊस पडून गेला, रानात फुलं आलीत, होल्याचं घुमणं ऐकू येतंय. आमच्या घरच्या बायबल अभ्यासात मी या वचनावर पहिल्यांदा बोललो तेव्हा हिवाळा म्हणजे मनाचा कोरडा, पानगळीचा काळ असं छान रंगवून सांगितलं होतं. बोलणं संपल्यावर एका मावशींनी हात वर केला. माहेर जालन्याकडचं, जन्म शेतीत गेलेला. म्हणाल्या, "हिवाळा सरला ते कळलं. पण त्याच्यासंगं पाऊस कसा काय सरला? आपल्याकडं पाऊस सरल्यावर हिवाळा लागतो."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन शोधलं तेव्हा लक्षात आलं की माझं अर्धं मनन नगरच्या डिसेंबरावर उभं होतं, यरुशलेमच्या नाही. तेव्हापासून नव्यानं वाचणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगतो. हिम, गारा, दंव, थंडी असं काही दिसलं की आधी ते हवामान म्हणून वाचा, आणि तेही त्या देशाचं. आत्म्याचा अर्थ नंतर. आधी वाट पाहायला लावली म्हणून तो अर्थ पळून जात नाही. हे कसं करायचं ते मी करतो त्या क्रमानं लिहितो.

पहिलं काम: ऋतू बदलून घ्या

पवित्र शास्त्रातल्या देशात वर्षाचे मुळात दोनच भाग. साधारण मे ते सप्टेंबर ऊन, पावसाचं नाव नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत पाऊस आणि थंडी एकत्र. यरुशलेम डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. तिथला वर्षाचा साधारण ५५० मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा याच महिन्यांत पडतो. एखाद्या वर्षी हिमही पडतं. डिसेंबर २०१३ मध्ये इतकं पडलं की शहरात ये-जा करणं मुश्कील झालं. म्हणजे आपला पावसाळा आणि आपली थंडी एकाच पोत्यात घातली की तिथला हिवाळा होतो. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

आता मराठी वाचकाची खास फसगत. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात देव योग्य वेळी ‘आगोटीचा’ आणि ‘वळवाचा’ पाऊस देण्याचं वचन देतो. शब्द अस्सल, शेतकऱ्याच्या तोंडचे. पण आपल्याकडे वळीव एप्रिल-मेमध्ये येतो आणि आगोट त्याच्यानंतर, जूनच्या तोंडावर. तिथं उलटं. आगोटीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो आणि उन्हानं दगड झालेली जमीन मऊ करतो, तेव्हा कुठं नांगर चालतो. वळवाचा पाऊस मार्च-एप्रिलमध्ये, कापणीच्या जरा आधी, कणसात दाणा भरायला येतो. दोघांच्या मधे अख्खा हिवाळा आणि उभं पीक. हे डोक्यात बसलं की नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायातला आळशी माणूस लगेच ओळखीचा वाटतो. थंडी आहे म्हणून तो नांगरत नाही आणि कापणीच्या वेळी हात पसरतो. पेरणीचा हंगामच थंडीचा असेल तर थंडी ही सबब कशी होईल? रब्बीच्या पट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मुंबईत वाढलेल्यांना लागतं.

एक पट्टी करून बायबलच्या मागच्या कोऱ्या पानावर चिकटवा. वर आपले बारा महिने, खाली त्यांचे. त्यांचा पहिला महिना निसान, म्हणजे मार्च-एप्रिल. नववा किसलेव, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. ही पट्टी नसली की एज्राच्या दहाव्या अध्यायातला ‘नववा महिना’ आपण नकळत सप्टेंबर धरतो. मग त्या महिन्याच्या विसाव्या दिवशी देवाच्या मंदिरापुढच्या चौकात बसलेले लोक थरथर का कापत होते ते नीट कळत नाही. वचन दोन्ही कारणं सांगतं: समोरचा गंभीर मामला आणि मुसळधार पाऊस. उघड्या चौकात, डिसेंबरात, ओलेचिंब. एका वाक्यात भीती आणि गारठा एकत्र घालणारा तो लेखक मला फार आवडतो.

दुसरं काम: ‘बर्फ’ या शब्दाकडे संशयानं पाहा

बर्फासारखं पांढरं म्हटलं की मराठी डोळ्यापुढे काय येतं? गोळेवाल्याची लादी, नाहीतर मासळीबाजारातला भुशातला बर्फ. तो पांढरा नसतो, आरपार दिसतो. यशयाच्या पहिल्या अध्यायातलं प्रसिद्ध वचन, पापं लाखेसारखी लाल असली तरी बर्फासारखी होतील, हे मी लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलं तेव्हा माझ्या मनात लालभडक सरबत घातलेला गोळा होता. अर्थ नेमका उलटा झाला होता!

आपण दोन वेगळ्या वस्तूंना एकच शब्द वापरतो, म्हणून हा घोळ. इब्रीत, म्हणजे जुन्या कराराच्या मूळ भाषेत, आकाशातून भुरभुरत पडतं ते ‘शेलेग’ आणि पाणी गोठून घट्ट होतं ते ‘केराह’. पहिल्याला ‘हिम’ म्हटलं तर बरंच साफ होतं, पण मराठी प्रतींत दोन्ही शब्द आलटून पालटून भेटतात. त्यामुळे एकच प्रत घेऊन बसू नका. बायबल सोसायटीचं भाषांतर आणि पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं भाषांतर शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: हे पडणारं आहे की गोठलेलं?

दंवाचंही तसंच. स्तोत्र १३३ मधलं हर्मोन डोंगराचं ‘दहिवर’ कोरड्या उन्हाळ्यात पिकांना जगवणारं, आशीर्वादाचं. गोठलेलं दंव, इब्रीत ‘केफोर’, ही वेगळी चीज. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कडाक्याच्या पहाटे गवतावर जे पांढरं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, ते हे. ज्यांनी हिम कधी पाहिलं नाही अशा महाराष्ट्रातल्या बहुतेक वाचकांसाठी सगळ्यात जवळचा नमुना तोच.

नव्या करारात शब्दाची आणखी एक गंमत आहे. ग्रीक ‘खेइमोन’ म्हणजे हिवाळाही आणि वादळही. मत्तय २४ मध्ये येशू म्हणतो, तुमचं पलायन हिवाळ्यात होऊ नये म्हणून प्रार्थना करा. तिथं हाच शब्द आहे, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात पौलाचं जहाज ज्या वादळात सापडतं तिथंही हाच. पळून जाणाऱ्या माणसाला तिथल्या हिवाळ्यात खरी अडचण नुसत्या थंडीची नव्हती. उन्हाळ्यात कोरडे असणारे ओढे पावसात भरून वाहतात आणि वाट अडवतात. लेकुरवाळ्या बायांचा उल्लेख त्याच ओळींच्या शेजारी आहे, तो उगीच नाही.

तिसरं काम: एकच उतारा हाताशी धरा

सुरुवात स्तोत्र १४७ पासून करा, वचन १२ ते २०. ईयोबापासून नको, तिथं हिम आधीच वादात सापडलेलं आहे. हा उतारा मोठ्यानं वाचा, एकदा नाही, तीनदा.

पहिल्या वाचनात फक्त उपमा टिपा. देव हिम पसरतो लोकरीसारखं. दंव उधळतो राखेसारखं. बर्फ टाकतो तुकड्यांसारखा. मूळ शब्द भाकरीच्या तुकड्यांना वापरतात तो आहे. लोकर, राख, भाकरी. म्हणजे हा कवी आभाळाकडे बघत नाहीये, घरात बसलाय. कोपऱ्यात कातरलेली लोकर, मधे चूल, चुलीतली राख, ताटात मोडलेली भाकर. बाहेर जे अनोळखी, कधीतरीच पडणारं पांढरं आहे, त्याला तो घरातल्या तीन वस्तूंनी ओळखीचं करून घेतो. इब्रीत दंवाच्या ओळीत नादही आहे: ‘केफोर काएफेर येफाझ्झेर’. म्हणून बघा, राख फुंकल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या वाचनात क्रियापदं टिपा. पसरतो, उधळतो, टाकतो, पाठवतो, वितळवतो, वाहवतो. कर्ता एकच. इथं हवामान आपोआप घडत नाही. पण लक्षात घ्या, देव रागावलेलाही नाही. त्याच्या गारठ्यापुढे कोण टिकेल, असं कवी विचारतो खरं, पण त्यात कोणाला शिक्षा झाल्याचं काही नाही. थंडी कडक आहे, एवढंच तो प्रामाणिकपणे सांगतो.

तिसऱ्या वाचनात ‘शब्द’ आणि ‘वारा’ शोधा. गारठ्याचा प्रश्न विचारून झाल्यावर लगेच: तो आपला शब्द पाठवतो आणि ते वितळतं; वारा सोडतो आणि पाणी वाहू लागतं. वाऱ्यासाठीचा ‘रुआह’ हा इब्री शब्द श्वासालाही वापरतात आणि आत्म्यालाही. आणि पुढच्याच वचनात तोच देव आपला शब्द याकोबाला कळवतो. म्हणजे बर्फ वितळवणारा शब्द आणि नियमशास्त्र देणारा शब्द हे कवीनं एका दमात ठेवलेत. आता, आणि आत्ताच, अर्थाकडे वळा. तुमच्यात काय गोठलंय, हा प्रश्न इथं शोभतो, कारण स्तोत्रानंच त्याला दार उघडून दिलंय. मी त्या मावशींना हाच उतारा पुढच्या आठवड्यात दिला. त्यांनी प्रश्न विचारला नाही, फक्त म्हणाल्या, राख थंडीत भांडी घासताना हाताला बरी लागते.

हे झालं की ईयोब ३७:१० शेजारी ठेवून बघा. तिथं देवाच्या श्वासानं बर्फ होतं, इथं त्याच्या वाऱ्यानं वितळतं. दोन्ही वाक्यं एकाच पुस्तकात राहतात. घाईनं जुळवत बसू नका.

पांढरं म्हणजे पवित्र, हे सरसकट धरू नका

नवे वाचक सगळ्यात जास्त इथं घसरतात आणि त्यांचा दोष नाही. गाण्यांनी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरांनी तसं शिकवलेलं असतं. यशया १ आणि स्तोत्र ५१ मध्ये हिमाचं पांढरेपण म्हणजे धुतलं जाणं, हे बरोबर. पण निर्गमाच्या चौथ्या अध्यायात मोशेचा हात झग्यातून बाहेर येतो तो हिमासारखा पांढरा, कोडानं. गणनाच्या बाराव्यात मोशेच्या बहिणीचं, मिर्यामचं अंग हिमासारखं होतं. दुसऱ्या राजांच्या पाचव्यात अलीशा संदेष्ट्याचा लोभी चाकर गेहजी धन्यासमोरून निघतो तो हिमासारखा पांढरा होऊन. तीच उपमा, आणि तिथं तिचा अर्थ छावणीबाहेर काढलं जाणं. मग दानीएलाच्या सातव्या अध्यायात प्राचीन पुरुषाचं, म्हणजे देवाचं, वस्त्र हिमासारखं, आणि मत्तय २८ मध्ये कबरेवरच्या देवदूताचं. तर पांढऱ्या रंगाला पवित्र शास्त्रात एक ठरलेला पगार नाही. ज्या वाक्यात तो कामाला लागलाय तिथंच त्याचा हिशोब करा.

यशयाच्या वचनात मराठीला एक फायदा मात्र मिळतो. लाख आणि किरमिजी रंग, दोन्ही किड्यांपासून काढलेले, आणि ‘किरमिजी’ हा शब्दच त्या किड्याच्या नावावरून आलाय. मूळ इब्रीतही रंगासाठी किड्याचाच शब्द आहे. लोकरीत मुरलेला हा रंग धुऊन जात नाही. ज्याच्या घरी कधी रंगारी आला असेल त्याला या वचनातली अशक्यता लगेच कळते.

दोन नीतिसूत्रं जोडीनं वाचा, मजा येते. २५:१३ मध्ये कापणीच्या दिवसांत हिमाचा गारवा म्हणजे विश्वासू निरोप्या. धन्याच्या जिवाला थंडावा. २६:१ मध्ये उन्हाळ्यात हिम आणि कापणीत पाऊस म्हणजे मूर्खाला दिलेला मान. भलत्या वेळी भलतं. एका अध्यायाच्या अंतरावर हिमाचे दोन अर्थ. पहिल्यात बहुधा २८१४ मीटर उंचीच्या हर्मोनासारख्या डोंगरावरून आणलेलं हिम पेयात घालून थंड करण्याची कल्पना आहे. दुसऱ्यात ते उभ्या पिकावर पडतंय. माझा एक चुलतभाऊ टोरांटोला असतो. त्याला हे दोन्ही वाचून दाखवलं तर म्हणाला, "हिम पहिल्या दिवशी पंचवीस-तेरा, तिसऱ्या दिवशी सव्वीस-एक." तिसऱ्या दिवशी रस्त्यावर त्याचा काळा चिखल होतो म्हणे.

खरी थंडी वाजलेली माणसं

सगळा हिवाळा उपमेत नाही. बराचसा गोष्टींत आहे, आणि मला तो जास्त जवळचा वाटतो. दावीद राजाचा वीर बनाया हिमाच्या दिवशी खड्ड्यात उतरून सिंह मारतो. योहानाच्या दहाव्या अध्यायात मंदिराच्या पुनःस्थापनेचा सण आहे, दिवस हिवाळ्याचे, आणि येशू शलमोनाच्या देवडीत फिरतोय. देवडी म्हणजे छत. पाऊसवारा असताना माणूस आडोशाला फेऱ्या मारेल तसा. यावर मोठं प्रवचन उभं करू नका, पण ते बघा जरूर.

यिर्मया ३६ मात्र थांबून वाचा. नववा महिना, यहोयाकीम राजा हिवाळी महालात, पुढ्यात शेगडी पेटलेली. यिर्मया संदेष्ट्यानं सांगितलेली आणि त्याच्या लेखनिकानं, बारूखानं लिहिलेली गुंडाळी त्याला वाचून दाखवली जाते. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूनं तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा तीन-चार, पुन्हा चाकू. दोनतीन दरबारी ‘नको महाराज’ म्हणतात, तो ऐकत नाही. गुंडाळी संपेपर्यंत हे चालतं. बहुतेक लोक इथंच पुस्तक मिटतात. तिसाव्या वचनापर्यंत जा. या राजाचं प्रेत दिवसा उन्हात आणि रात्री हिवात उघड्यावर पडेल, असं तिथं सांगितलंय. देवाच्या शब्दावर ज्यानं ऊब घेतली त्याच्या वाट्याला शेवटी रात्रीचं दंव.

दुसरी शेगडी पेत्राची. वल्हांडणाची रात्र, मार्च-एप्रिल, डोंगरावरचं शहर, अजून थंडी. चाकरांनी कोळशाचा विस्तव केलाय आणि पेत्र शेकत उभा राहून आपण येशूचा शिष्य असल्याचं नाकारतो. योहानानं इथं कोळशाच्या विस्तवाला वापरलेला शब्द अख्ख्या नव्या करारात आणखी एकदाच येतो: एकविसाव्या अध्यायात, तळ्याकाठी, पहाटे, मासे आणि भाकर घेऊन बसलेल्या येशूपुढे. पट्टीवर दोन्ही ठिकाणी खूण करा, बाकी काही सांगायची गरज पडत नाही.

आणि पौल. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट वाचताना पट्टीसोबत समुद्रही आठवा. रोमी काळी साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत भूमध्य समुद्रावरची वाहतूक जवळपास थांबायची. पौल कैदेत आहे, मागतो काय तर त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आणि गुंडाळ्या. मग शेवटी, हिवाळ्यापूर्वी यायचा यत्न कर. आत्ता निघालास तर ठीक, नाहीतर उन्हाळा लागेपर्यंत तुझी भेट नाही. आणि उन्हाळा लागेपर्यंत मी असेन का, हे त्यानं लिहिलेलं नाही. त्याच अध्यायात वर मात्र आपल्या जाण्याचा समय आला असं लिहून ठेवलंय.

घरात किंवा गटात हे कसं घ्यायचं

रोज एक उतारा, सात दिवस: उत्पत्ती ८:२२, मग स्तोत्र १४७, नीतिसूत्रांची ती जोडी, यशया ५५:१०-११, यिर्मया ३६, योहान १८ आणि २१ एकत्र, शेवटी २ तीमथ्य ४. ईयोब ३८ दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवा. वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: महिना कोणता, वस्तू कोणती, कोणाला लागतंय. मनन त्याखाली, सुटं.

नाताळच्या गव्हाणीवर कापूस पसरतात त्याबद्दल दरवर्षी कोणीतरी विचारतं. लूकाच्या दुसऱ्या अध्यायात ना महिना आहे ना हिम. रात्री रानात कळप राखणारे मेंढपाळ आहेत. कापूस पोरांना पसरू द्या. त्याच्यावर संदेश देऊ नका.

गटाबद्दल एक सावधगिरी, आणि ही मी अनुभवानं सांगतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा, विदर्भासह राज्याच्या मोठ्या भागात गारपीट झाली. हाताशी आलेला गहू, हरभरा, फळबागा झोपल्या. त्या आठवड्यात आमच्या यादीत स्तोत्र १४८ होतं, ज्यात गारा आणि हिम देवाची स्तुती करतात. मी ते वगळलं. नीतिसूत्रं २५:२० म्हणतं, दुःखी माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवशी त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढणं. मावशींच्या भावाचं रान गेलं होतं. काय वाचू या, असं मी त्यांनाच विचारलं. त्यांनी निर्गमाचा नववा अध्याय काढायला लावला, मिसरातल्या गारांचा, आणि एकतिसाव्या-बत्तिसाव्या वचनावर बोट ठेवलं. सातू निसवलं होतं, जवसाला बोंडं धरली होती, ती दोन्ही गेली. गहू मागास होता, तो वाचला.

चष्मा काढून त्या म्हणाल्या, "लिहिणाऱ्यानं रान हिंडून बघितलंय."